यंत्राची आज्ञावली मागून घ्या

एरवी सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात उभे असणारे, आज मात्र पहिल्या रांगेत बसलेले माझे साऊंडवाले, प्रोजेक्टरवाले, कंट्रोल रूमवाले मित्रहो,

वर्धा जिल्ह्यात आपले मनापासून स्वागत. मुंबईकडची मंडळी वर्धा जंक्शनवर उतरली, दिल्ली-चेन्नई मार्गाने आलेली सेवाग्रामला. दोन्हीकडे आमचे कार्यकर्ते होते, तरी कुणाची चुकामूक झाली असेल तर क्षमा असावी. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे स्वागत समितीच्या अंदाजपत्रकातला एक बाब आपोआप गळाली. ती बचत गोरसपाकावर खर्च केली आहे.

मी तंत्रज्ञ नाही, संस्थेच्या खरेदी समितीवर बसणारा माणूस आहे. तेव्हा बोलतो ते खरेदीच्या बाजूने, आणि सुरुवात एका जुन्या निविदेपासून करतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, वीस वर्षे टिकला पाहिजे, आणि वर्षाचा देखभाल खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये. किर्लोस्करवाडीहून एक चरखा स्पर्धेत उतरला, पण कसोटीला टिकला नाही. बक्षीस कुणालाच मिळाले नाही. यंत्र घेणाऱ्याने यंत्राला काय काय विचारावे, याचा इतका नेमका कागद मी दुसरा पाहिलेला नाही. चरख्याचा विषय निघालाच आहे, तर १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेले मगन संग्रहालय वर्धा शहरात आहे. वेळ काढून अवश्य बघा.

आज आपण प्रोजेक्टर, मिक्सर, कॅमेरे लाखांनी घेतो आणि विचारतो काय? ल्युमेन किती, वॉरंटी किती. मागच्या बाजूच्या नऊ पिनांच्या सॉकेटकडे कुणी बघत नाही. त्यामागे आहे अमेरिकेत १९६० साली ठरलेले आरएस-२३२ हे मानक, त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. त्याच वर्षी पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात साहित्य संमेलन झाले होते. त्या संमेलनातला ध्वनिक्षेपक आज कुठे असेल कोण जाणे, हे मानक मात्र अजून चालते. एक वायर बोलण्याची, एक ऐकण्याची, एक अर्थिंगची. दोन्ही टोकांचा वेग जुळवा, बहुधा ९६०० असतो, आणि साधी अक्षरे टाइप करून एंटर दाबा. यंत्र ऐकते आणि उत्तरही देते.

भाषा मात्र प्रत्येक घराण्याची वेगळी. एप्सनचा प्रोजेक्टर ‘पीडब्ल्यूआर ऑन’ने उठतो. बेनक्यूला आधी तारांकन, मग ‘पीओडब्ल्यू’, बरोबरचे चिन्ह, ‘ऑन’, आणि शेवटी हॅश लागतो. हा बारा गावच्या बारा बोलींचा गोंधळ कमी व्हावा म्हणून जपानी उत्पादकांच्या संघटनेने नेटवर्कसाठी पीजेलिंक आणले. त्यात चालू-बंदचा प्रश्न विचारला की एका अंकात उत्तर येते. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू, दोन म्हणजे थंड होतो आहे, तीन म्हणजे तापतो आहे.

यातला ‘दोन’ आम्हा वर्धेकरांच्या विशेष कामाचा. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. कार्यक्रम संपताच शिपाई मेन स्विच पाडतो, आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. अशाने दिव्याचे आयुष्य घटते, आणि बिल आमच्या समितीपुढे येते. शिपायाला दोष का द्यावा? यंत्र सांगायला तयार होते, आपणच विचारण्याची सोय केली नव्हती. दिवा किती तास जळला हेही ते सांगते. वीस वर्गखोल्या असलेल्या महाविद्यालयात एका टेबलावरून हे सगळे कळू शकते. अंतराची अट तेवढी ध्यानात ठेवा. आरएस-२३२ची वायर साधारण पंधरा मीटरपर्यंत भरवशाची. आरएस-४८५ बाराशे मीटरपर्यंत जाते, पण यंत्राला ते समजत असेल तरच, नाहीतर मध्ये कन्व्हर्टर बसवा.

म्हणून माझी विनंती आपल्यापेक्षा माझ्यासारख्या खरेदीवाल्यांना जास्त आहे. आज्ञांची पूर्ण यादी निविदेतच मागा, कागदावर मागा. कंट्रोल सिस्टिम बसवणाऱ्याकडून मूळ प्रोग्रॅम ताब्यात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. तो प्रोग्रॅम घेऊन ठेकेदार गेला, की पुढे एक बटण बदलायलाही त्याच्याच दारात जावे लागते. आणि हो, सिरियल पोर्टला पासवर्ड नसतो. तो नेटवर्कवर उघडा टाकाल, तर वसतिगृहातली पोरे परीक्षेच्या काळात पडदा खालीवर करतील. आमच्या काळी आम्ही घंटा लपवत होतो.

परिसंवाद तीन आहेत, कार्यशाळा तळमजल्यावर. स्वतःची केबल आणली असेल तर दोन आणि तीन नंबरच्या पिना सरळ आहेत की उलट, ते आधी तपासा. निम्मा वेळ त्यातच जातो.

समईचे दीपप्रज्वलन झालेच आहे. आता अध्यक्षांना विनंती, त्यांनी समोरच्या लॅपटॉपवर लिहिलेली ओळ न बदलता एंटर दाबावे. पडदा लगेच उजळणार नाही. तोवर खालची दुसरी ओळही पाठवून बघा, उत्तर तीन यायला हवे.