चांदीने जपलेला बर्फ
(मंडळाच्या गणेशोत्सवात चौक, लखनौ येथे दिलेले व्याख्यान)



दुर्गम बर्फाळ प्रदेशात पाठीवर बोजा घेऊन हिंडणाऱ्या छायाचित्रकारांविषयी बोला, असे मंडळाने मला सांगितले. चौकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण विटा, खानापूर, आटपाडी भागातून येऊन इथल्या सराफ्यात गलाईचा धंदा करणाऱ्या आपल्या माणसांना हा विषय जितका जवळचा, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. कारण छायाचित्र हे मुळात चांदीचे काम आहे.

तुम्ही चांदी तेजाबात विरघळवता. त्या पाण्यात मीठ पडले की दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. तो उन्हात राहिला तर जांभळट काळा पडतो, हे नवख्या कारागिरालाही ठाऊक असते. याच गुणावर फोटोग्राफी उभी राहिली. उजेड पडला तिथली चांदी काळी होऊन टिकते, बाकीची धुतली जाते. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरचा काळेपणा म्हणजे बारीक कणांची चांदीच.

सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला. त्याने आपल्या लखनौच्या इमारतींचेही फोटो काढले आहेत. १८६६ साली तो स्पितीकडची १८,६०० फूट उंचीची मनिरंग खिंड चढला आणि तिथे त्याने कॅमेरा लावला. त्याच वर्षी त्याने गोमुखाचेही चित्र घेतले. त्या काळी फिल्म नव्हती. काच, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखा तंबू, सगळे हमालांच्या पाठीवर. काचेला चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन तंबूत धुवायची. लेप सुकला की मेहनत वाया. थंडीने हात बधिर झालेले असताना हे काम त्या माणसाने केले.

दुसरी कथा उत्तर ध्रुवाकडची. ११ जुलै १८९७ रोजी सॉलोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश गृहस्थ स्वालबार्डहून बलूनमधून ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत बलून बर्फावर उतरले. मग सामानाच्या घसरगाड्या ओढत ते सुमारे तीन महिने चालले आणि क्विटोया नावाच्या ओसाड बेटावर तिघांचाही अंत झाला. स्ट्रिंडबर्ग वाटेत फोटो काढत होता. १९३० साली त्यांचे अवशेष सापडले आणि त्या फिल्मही मिळाल्या. स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग यांनी त्या जपून धुतल्या आणि ९३ चित्रे हाती आली. बर्फावर आडवे पडलेले बलून आणि शेजारी उभी माणसे आज आपण पाहू शकतो. माणसे गेली, पण चांदीने ३३ वर्षे त्यांची आठवण सांभाळली.

या चित्रांचा उपयोग काय? स्वालबार्डमध्येच न्यू-ओलेसुंड येथे २००८ पासून आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था पाहते. केंद्रासमोरच्या खाडीपलीकडे ब्लोमस्ट्रांडब्रीन ही हिमनदी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे तिचे फोटो घेऊन क्रिश्चन ऑस्लुंड या छायाचित्रकाराने २००२ साली त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढले. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फ किती हटला, ते शाळकरी मुलालाही कळते. गोमुखचेही तसेच. १९३५ साली भूवैज्ञानिक ऑडन यांनी हिमनदीच्या मुखाचा नकाशा केला. तेव्हापासून ते मुख एक किलोमीटरहून जास्त मागे गेले आहे. मी गोमुखला गेलो तेव्हा बोर्नच्या चित्राची प्रत सोबत नेली होती. त्यातली बर्फाची भिंत शोधत होतो, आणि पायाखाली मात्र दगडगोटे होते.

आता कामाचे बोलतो. जुने स्टुडिओ बंद पडतात, घरे विकली जातात, तेव्हा निगेटिव्हचे गठ्ठे वजनावर भंगारात जातात. चांदीसाठी ते शेवटी आपल्यासारख्यांच्याच हाती येतात. बोर्न अँड शेफर्डच्या कोलकात्यातल्या दुकानाला १९९१ साली आग लागली आणि फार मोठा संग्रह गेला. २०१६ साली ते दुकानही बंद झाले. आग कोणाच्या हाती नसते, पण भट्टी आपल्या हाती असते.

एक्स-रेच्या फिल्म खुशाल गाळा, तो तुमचा धंदा आहे. पण निगेटिव्ह आले तर आधी खिडकीच्या उजेडात धरून बघा. रंगीत निगेटिव्हमध्ये धुलाईनंतर चांदी उरतच नाही, रंग तेवढे राहतात. काळ्या-पांढऱ्या ३५ मिलिमीटरच्या एका रोळात अर्धा ग्रॅमही चांदी नसते. डोंगर, नदी, घाट, जुना चौक, कोणाचे लग्न असे काही दिसले तर ते बाजूला काढा. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, वर ठिकाण आणि साल लिहा. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर ठेवून दुसऱ्या मोबाईलने त्याचा फोटो घ्या. घरातल्या मुलांना हे काम सांगा, ती आनंदाने करतील.

चांदीचा टंच काढण्यात आपल्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. तीच पारख या फिल्मच्या तुकड्यांनाही मिळावी, एवढेच बाप्पाच्या साक्षीने आपल्यासमोर मागणे मागतो आणि थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!