निसर्गाच्या खात्यावरील उधारी

(व्यापारी बांधवांच्या मेळाव्यात ‘व्यापार आणि पर्यावरण’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची भाषणे होतात. एकात आपल्या पूर्वजांनी वृक्षांना देव आणि नद्यांना माता मानल्याचे सांगून टाळ्या घेतल्या जातात. दुसऱ्यात सारे पाप पाश्चात्त्य भोगवादाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. दोहोंतही तथ्य आहे. परंतु व्यापाऱ्याचे समाधान वही पाहिल्याखेरीज होत नाही. म्हणून आज एका परक्या पेढीची वही आपल्यापुढे उघडतो.

रशियन साम्राज्यातून परागंदा झालेल्या मायकेल मार्क्स नावाच्या ज्यू फेरीवाल्याने १८८४ साली इंग्लंडमधील लीड्स येथील मंडईत एक गाळा मांडला. प्रत्येक वस्तूची किंमत एक पेनी! पुढे १८९४ मध्ये स्पेन्सर हा भागीदार आला आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ ही पेढी उभी राहिली. कपडे आणि खाद्यपदार्थ विकणारी ही कंपनी आता आपल्याही मुंबई-पुण्यात आहे. २००८ पासून रिलायन्स रिटेलबरोबरच्या भागीदारीत.

या कंपनीने जानेवारी २००७ मध्ये ‘प्लॅन ए’ जाहीर केला. नाव असे का, तर ‘प्लॅन बी’ अस्तित्वातच नाही म्हणून. पाच वर्षांत पुरी करावयाची शंभर वचने आणि त्यासाठी वीस कोटी पौंडांची तरतूद. स्टुअर्ट रोज हे त्या वेळी कंपनीचे प्रमुख होते. वचने वीज, कचरा, कच्चा माल, पुरवठादारांशी वर्तन आणि ग्राहकांचे आरोग्य यांविषयीची होती. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की, कोणते वचन पाळले गेले आणि कोणते राहिले, याचा अहवाल कंपनी दरवर्षी छापत राहिली. चूक झाली तर ती जगाला दिसेल, अशी व्यवस्था स्वतःहून करणे सोपे नाही. आपल्यापैकी किती जण आपली रोजकीर्द शेजाऱ्याला दाखवतील?

आता त्यातील एकच नोंद पाहू. मे २००८ पासून या कंपनीने ब्रिटनमधील आपल्या खाद्यविभागात पिशवीमागे पाच पेन्स घेण्यास आरंभ केला. गिऱ्हाईक दुरावेल अशी भीती होती. प्रत्यक्षात पिशव्यांचा वापर सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटला. कायद्याने अशी आकारणी इंग्लंडमध्ये आली ती २०१५ साली. म्हणजे शासनाच्या सात वर्षे आधी एका दुकानदाराने हे करून दाखविले. आणि जो खर्च म्हणून गृहीत धरला होता, तो विजेच्या, वेष्टनाच्या आणि कचऱ्याच्या बचतीतून वसूल होऊन वर लाभ दिसू लागला. उधळपट्टी थांबविली की गल्ल्यात भर पडते, हे आपल्या आजोबांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. रद्दीच्या कागदाची पुडी आणि सुतळीचा गुंडा त्यांनी जपून ठेवला होता.

२०१२ मध्ये कंपनीने घोषित केले की ब्रिटन व आयर्लंडमधील आपला कारभार आता ‘कार्बनदृष्ट्या तटस्थ’ झाला आहे. येथे मात्र जाणत्या हिशेबनिसाप्रमाणे थांबावयास हवे. हा हिशेब दुकाने, गोदामे आणि स्वतःच्या वाहनांपुरता होता, आणि त्यातील काही भाग इतरत्र कार्बन वाचविणाऱ्यांकडून पतपत्रे विकत घेऊन भरून काढलेला होता. कापूस पिकविणे, सूत काढणे, रंगविणे, जनावरे पाळणे आणि गिऱ्हाइकाच्या घरी कपडे धुणे या साऱ्यांचा मोठा भार त्यात नव्हताच. तो भार मोजून २०४० पर्यंत शून्यावर आणण्याचा संकल्प कंपनीने २०२१ मध्ये सोडला.

दुसरी नोंद याहून बोलकी आहे. २००८ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेच्या सहकार्याने जुने कपडे जमा करण्याची योजना निघाली. हेतू उत्तम, कपडे कचऱ्यात जाणार नाहीत आणि संस्थेला निधी मिळेल. पण जुने कपडे देणाऱ्यास मिळे पाच पौंडांचे कूपन, आणि ते वापरण्यासाठी पस्तीस पौंडांची नवी खरेदी करावी लागे! विक्रीचा आकडा वाढताच राहिला पाहिजे, ही अट कोणत्याही ‘प्लॅन’च्या आधीच लिहून ठेवलेली असते. आपल्या चिंतनात दोहन आणि शोषण यांत भेद केला आहे. वासराचे पोट भरून उरेल ते दूध घ्यावे, ही दोहनाची मर्यादा. किती विकावे, हा प्रश्न त्या शंभर वचनांच्या बाहेरच राहिला.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील या कंपनीची मार्बल आर्च येथील इमारत १९३० च्या सुमाराची. ती पाडून नवी बांधण्याचा बेत कंपनीने आखला. या बांधकामातून सुमारे चाळीस हजार टन कार्बन बाहेर पडेल, असा आक्षेप वारसाप्रेमींनी घेतला. नवी इमारत वापरात पुष्कळ ऊर्जा वाचवील, हा कंपनीचा युक्तिवाद. मंत्री मायकेल गोव्ह यांनी जुलै २०२३ मध्ये परवानगी नाकारली, मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या शासनाने मंजुरी दिली. माझे मत विचाराल, तर उभी भिंत पाडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

हे ऐकून कोणी हसू नये. मुंबईत २६ जुलै २००५ च्या प्रलयात तुंबलेल्या नाल्यांतून काय निघाले, हे आपण पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली. कायदा आपल्याकडे त्यांच्यापेक्षा कडक आहे, आणि तरीही संध्याकाळच्या भाजीबाजारात पिशवी मागावी लागत नाही, ती आपसूक हाती येते. खुंटीवरची कापडी पिशवी कोणा परकीयाने पळविली नाही. ती आपणच काढून ठेवली.

तेव्हा मंडळाकडे माझी विनंती लहानशी आहे. येत्या पाडव्याच्या वहीपूजनापासून प्रत्येक सभासदाने वहीत एक वेगळे पान राखावे. महिन्याचे विजेचे युनिट, दिलेल्या पिशव्या, फेकलेले खोके आणि खराब झालेला माल, एवढ्या चारच नोंदी. वर्षाअखेर ती पाने याच सभागृहात सर्वांसमोर वाचावीत. माल कोणाचा किती खपला, हे कोणी विचारणार नाही. नमुन्याचे पान मी सोबत आणले आहे, ते कार्यवाहांकडे देतो. आता आपले प्रश्न घेऊ.