गर्भारपणाचे पहिले तीन महिने आणि गळ्यांतील ग्रंथि



सुनेला दिवस गेले कीं पहिले तीन महिने तें घराबाहेर बोलूं नये, अशी चाल इतर महाराष्ट्राप्रमाणें जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांतल्या पुष्कळ घरांतहि आहे. दृष्ट लागेल, गर्भ टिकणार नाहीं, ही भीति त्यामागें असते. आणि गर्भपाताचा संभव या महिन्यांतच अधिक असल्यामुळें ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. पण गोष्ट झांकून ठेवावयाची ज्या काळांत, नेमक्या त्याच काळांत आईच्या गळ्यांतील एक लहानशी ग्रंथि दोन जिवांचें काम एकटी करीत असते.

ही ग्रंथि म्हणजे थायरॉईड. वजनानें दीड-दोन तोळे, आकारानें पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी. अन्नांतील आयोडिनापासून ती थायरॉक्सिन नांवाचा स्राव तयार करते, आणि गर्भाच्या मेंदूची घडण या स्रावावांचून नीट होत नाहीं. गर्भाची स्वतःची ग्रंथि १२ व्या आठवड्याच्या सुमारास कामास लागते. तिला खरें बळ येण्यास १८ ते २० आठवडे लोटतात. तोंपर्यंत सारी मदार आईवर.

निरोगी स्त्रीचें शरीर ही मागणी कशी भागवितें तें पाहण्याजोगें आहे. एरवीं मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि टी.एस.एच. नांवाचा हुकूम धाडते व थायरॉईड तो पाळते. गर्भ राहिल्यावर मात्र वारेच्या पेशींतून एच.सी.जी. हें द्रव्य रक्तांत उतरतें. दिवस गेल्याची लघवीची परीक्षा होते ती याच द्रव्यावरून. त्याची घडण टी.एस.एच.शीं इतकी मिळतीजुळती कीं थायरॉईड त्याचेंहि ऐकते. घरांतील कामें दुसऱ्या कोणीं परस्पर करवून घेतलीं म्हणजे यजमान आवाज खालीं आणतो, तसें पिट्युइटरीचें होतें. १० व्या आठवड्याच्या सुमारास टी.एस.एच.चा आंकडा सर्वांत खालीं येतो. हा रोग नव्हे.

म्हणूनच एरवींच्या स्त्रीसाठीं छापलेली मर्यादा गरोदर स्त्रीस लावूं नये. तिची खरी मर्यादा कोणती, यावर तज्ज्ञांचेंहि एकमत सहजासहजीं झालेलें नाहीं. २००८ सालीं दिल्लीच्या डॉक्टरांनीं निरोगी गरोदर भारतीय स्त्रिया तपासून पहिल्या तिमाहींत वरची मर्यादा ५ च्या आसपास सांगितली. अमेरिकन थायरॉईड असोसिएशननें २०११ सालीं २.५ हा आंकडा दिला. २०१७ सालीं तो सैल करून, त्या त्या लोकांतील मर्यादा धरावी, ती नसल्यास सुमारें ४ धरावी, असें ठरविलें. म्हणजे ज्या बाईचा आंकडा ३ आला ती २०११ सालीं रोगी आणि २०१७ सालीं निरोगी! बाई तीच, रक्त तेंच.

मात्र ग्रंथि खरोखरच दुबळी असेल तर हयगय चालत नाहीं. आधींपासून थायरॉक्सिनची गोळी चालू असलेली स्त्री, गरोदरपणीं औषध नको म्हणून, कोणाच्या तरी सांगण्यावरून ती सोडून देते; वास्तविक तिला या दिवसांत बहुधा अधिक मात्रा लागते. पश्चिमेकडील वाडीवरून भर पावसांत जुन्नर, घोडेगांव किंवा मंचर गांठणें म्हणजे एक दिवस मोडणें. पण तीन महिन्यांच्या मौनांत हा दिवस पुढें ढकलूं नये. आशाताईस किंवा परिचारिकेस सांगितल्यानें गांवभर बोभाटा होत नाहीं.

आतां मिठाविषयीं. भीमाशंकर व माळशेज बाजूच्या डोंगरांवर पाऊस धो धो कोसळतो, आणि असा पाऊस मातींतील आयोडीन धुऊन नेतो. समुद्राच्या पाण्यांत आयोडीन असतें खरें, पण साधें समुद्री मीठ वाळतांना त्यांत तें नांवापुरतेंच उरतें. नाणेघाटाखालच्या कोकणांतलें मीठहि त्यास अपवाद नव्हे. म्हणून आयोडीनयुक्त मीठच वापरावें, तें झांकणाच्या बरणींत ठेवावें व शक्य तों शिजवणाच्या शेवटीं घालावें. गरोदर स्त्रीस रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतें, हें जागतिक आरोग्य संघटनेचें माप आहे.

गोळी चालू असलेल्या स्त्रीचें रक्त निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनीं तपासतात. प्रसूतीनंतर मात्रा बहुधा पूर्वीइतकी करतात, आणि सहा आठवड्यांनीं पुन्हा एकवार रक्त पाहतात.