आपद्‌ग्रस्त शेतकऱ्यास मदत आणि घरचे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सेवानिवृत्त शाळामास्तर. जन्मभर मुलांच्या हिशेबातील चुका दाखविल्या. आज स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप. इंग्रजी अमदानीत १८८३ व १८८४ सालच्या कायद्यांन्वये शेतकऱ्यास तगाई मिळे. ते कर्ज होते; फेडावे लागे. आज अतिवृष्टी, पूर वा गारपीट झाल्यास सरकार देते ते अनुदान होय. त्याची फेड नाही. तथापि ती नुकसानभरपाईही नव्हे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेले दर पाहा. पीक ३३ टक्के वा त्याहून अधिक गेले असता जिरायतीस हेक्टरी ८,५००, बागायतीस १७,००० आणि बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये. मर्यादा दोन हेक्टरांची. मेलेल्या दुभत्या गाई-म्हशीस ३७,५००, शेळी-मेंढीस ४,००० रुपये. राज्य सरकार प्रसंगी यात भर घालते. २०२२ साली जिरायतीसाठी त्या वेळच्या ६,८०० च्या दुप्पट, म्हणजे १३,६०० रुपये, तीन हेक्टरांपर्यंत दिले गेले.

८,५०० रुपये हेक्टरी म्हणजे गुंठ्यास अवघे ८६. एवढ्याने गेलेले पीक परत येत नाही. पुढच्या पेरणीचे बियाणे मात्र येते. म्हणून या रकमेचे सारे मोल ती वेळेवर हाती पडण्यात आहे.

आता आमची चूक. वडील २००४ साली निवर्तले. शेत धाकटे बंधू कसतात; आम्ही नोकरीनिमित्त शहरी राहिलो. गावच्या कित्येकांचे अर्ज आम्ही लिहून दिले. पण घरच्या सातबाऱ्यावर वारसनोंद केली नाही. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि घडी घालून ठेवली. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर आले. आमचे सोयाबीन आठ दिवस पाण्याखाली होते. पंचनामा रीतसर झाला. यादीत नाव आले ते एकवीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे. मृताच्या खात्यावर पैसे कसे जमा व्हावेत?

मग धावपळ झाली. सर्व वारसांची संमती हवी, म्हणून आम्ही दोघे बंधू भगिनीच्या घरी गेलो. तिने चहा दिला, कागद वाचला, सही केली आणि शांतपणे विचारले, “दादा, सही घ्यायला आलात, नाव लावायला कधी येणार?” आम्हांस उत्तर सुचले नाही. कायद्याने तिचा वाटा आमच्याइतकाच. रक्कम पुढे मिळाली. पण हरभऱ्याची पेरणी टळून गेली होती, आणि बंधूंनी बियाण्यासाठी काढलेल्या उसनवारीचे व्याज अंगावर बसले.

कचेरीस दोष देणे सोपे आहे, आणि कित्येकदा तो रास्तही असतो. परंतु येथे दप्तर आमचेच अपुरे होते. मदत घामाकडे पाहून येत नाही, नोंदीकडे पाहून येते.

म्हणून विनंती एवढीच. घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावी. तसा १९६६ च्या जमीन महसूल संहितेचा दंडकच आहे. वारसांत आई, भगिनी व विधवा भावजय यांची नावे गाळू नयेत. दर हंगामी पेरा नोंदवावा. जनावरांच्या कानांत बिल्ले मारून घ्यावेत. १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून मेलेल्या जनावराची मदत मिळत नाही. आणि जो आपली जमीन न कसता शहरी राहतो, त्याने कसणाऱ्या भावाची सही कधी अडवू नये.

पुढील मेळाव्यास येताना प्रत्येकाने आपला सातबारा बरोबर आणावा. वाचून दाखविण्यास आम्ही एका कोपऱ्यात बसू. आमच्या सातबाऱ्यावर आता तीन नावे आहेत. तिसरे भगिनीचे आहे.