शिकाऊ ताई आणि तिच्यामागची नजर

आम्ही मानसशास्त्रात एम. ए. करून आता रुग्णालयात एम. फिल. करणाऱ्या मुली. तुम्ही मनोविकार विभागात आलात की बऱ्याचदा डॉक्टरांच्या आधी आम्हीच समोर बसतो. "ही एवढीशी पोर माझं काय ऐकणार?" हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देतो.

गावाकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात, तेव्हा काठावर जाणतं माणूस उभं असतं. आमच्या काठावर मार्गदर्शक मॅडम किंवा सर असतात. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, ते सांगितलं आहे. त्यात दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम. फिल.चा उल्लेख आहे आणि त्यात देखरेखीखालचं प्रशिक्षण हवं, असंही म्हटलं आहे. म्हणजे नुसती पुस्तकं वाचून भागत नाही.

देखरेख म्हणजे काय? तुमची झोप, भूक, घरची माणसं, त्रास कधी सुरू झाला, हे सगळं आम्ही लिहून घेतो आणि मॅडमपुढे मांडतो. समजा, एखादी बाई म्हणते, "कशात मन लागत नाही, सारखा थकवा येतो." आम्हाला वाटतं, हे नैराश्य. मॅडम आधी विचारतात, "थायरॉईड तपासलं का? हिमोग्लोबिन किती आहे?" कारण त्यानंही असंच होतं. सुनेऐवजी सासूबाईच उत्तरं देत असतील, तर सुनेशी एकटीशी बोलायला मॅडम सांगतात. मुलाच्या बुद्ध्यांकाची चाचणी आम्ही घेतली, तरी ती तपासून सही मॅडमच करतात. औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात; तो आमचा अधिकार नाही.

आता नाजूक गोष्ट. तुम्ही सांगितलेलं आम्ही मॅडमना सांगतो, हे तुम्हाला आधीच कळायला हवं. ही चुगली नव्हे. एकटीच्या डोक्यात जे सुटत नाही, ते दोघींच्या नजरेला दिसतं. त्या खोलीबाहेर, शेजारणीपर्यंत किंवा नवऱ्यापर्यंत ते जाता कामा नये. पण कोणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर आम्ही गप्प बसत नाही. लगेच मॅडमना बोलावतो आणि गरज पडली तर घरच्यांनाही सांगतो. तिथं गुपितापेक्षा जीव मोठा.

म्हणून तीन प्रश्न बिनधास्त विचारा. तुम्ही शिकताय का? तुमच्यावर देखरेख कोणाची? माझ्या बोलण्याची नोंद कोण वाचणार? नीट उत्तर मिळालं नाही तर तिथंच थांबा आणि वरिष्ठांना भेटायला मागा. शिकाऊ मुलीशी बोलायचं नसेल तर तसं सांगा. त्यामुळे तुमचे उपचार थांबता कामा नयेत. आणि रुग्णालयाबाहेर कोणी नुसत्या पदवीची पाटी लावून बसलं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा.

रुग्णालय लांब असेल तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

तुम्ही बोलता म्हणून आम्ही शिकतो. तुमच्या दुःखावर आमचा सराव होतो, याची जाणीव आम्हाला आहे. म्हणूनच काठावर कोणीतरी उभं आहे ना, हे तुम्हीही पाहत जा.