डोमेन नावांचे शुल्क आणि नियमनाचा प्रश्न

दिल्लीच्या रिजवरील ‘हिंदूराव’ हे ठिकाण बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलकर घाटगे घराण्यातील हिंदूराव यांच्या नावाने ओळखले जाते. वाडा मूळचा विल्यम फ्रेझरचा. 1835 मध्ये त्याची हत्या झाल्यानंतर तो हिंदूरावांकडे आला. आज तेथे महापालिकेचे रुग्णालय आहे. नाव मात्र टिकले, आणि त्यासाठी कोणी वार्षिक शुल्क भरत नाही. इंटरनेटवरील नावाचे तसे नसते. ते कायमचे विकत मिळत नाही, मुदतीपुरते मिळते.

नावांची किरकोळ विक्री करणारे निबंधक अनेक आहेत व त्यांच्यात स्पर्धाही आहे. परंतु प्रत्येक विस्ताराची मूळ नोंदवही एकाच संस्थेकडे असते आणि घाऊक दरही तेथेच ठरतो. पाटीवर, बिलावर, वेष्टनावर नाव छापून झालेला कोल्हापूरचा गूळव्यापारी दर वाढला म्हणून नाव बदलू शकत नाही. नियमनाची गरज येथे उद्भवते.

‘डॉट कॉम’चे उदाहरण बोलके आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने व्हेरिसाइन कंपनीचा घाऊक दर 7.85 डॉलरवर गोठविला. 2018 मध्ये हे बंधन सैल करून सहापैकी चार वर्षे प्रत्येकी 7 टक्क्यांपर्यंत वाढीस मुभा देण्यात आली. सप्टेंबर 2024 मध्ये दर 10.26 डॉलर झाला. वाढ सुमारे 31 टक्के. परंतु या काळात डॉलर 54 रुपयांच्या आसपासून 84 रुपयांजवळ गेला. रुपयांत मोजल्यास हाच दर सव्वाचारशेवरून साडेआठशेच्या वर, म्हणजे दुप्पट झाला! नियमन वॉशिंग्टनचे, विनिमय दराचा भार मात्र येथील ग्राहकाचा.

‘डॉट इन’ची नोंदवही पूर्वी मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम इतके कडक होते की 1992 ते 2004 या काळात जेमतेम 7 हजार नावे नोंदली गेली. 2003 मध्ये स्थापन झालेल्या ‘निक्सी’ या नफारहित कंपनीकडे हे काम आल्यावर, 2005 पासून नोंदणी सर्वांना खुली झाली. दर अगदीच उतरविले तर साठेबाज नावे अडवून ठेवतात, हेही खरे. तथापि लहान उद्योजकाची अडचण बहुधा निराळीच असते: पहिल्या वर्षी नाममात्र शुल्क आणि नूतनीकरणाच्या वेळी कित्येक पट मागणी. पहिल्या नोंदणीच्या वेळीच नूतनीकरणाचा दर रुपयांत जाहीर करणे निबंधकांवर बंधनकारक करता येईल. 2014 मध्ये देवनागरीत सुरू झालेल्या ‘डॉट भारत’पासूनही त्याचा आरंभ होऊ शकेल.