शिक्षक न होताही शिक्षणाचा अभ्यास
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



शिष्यवृत्तीच्या अर्जांत सी.ए., औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी हे अभ्यासक्रम आपल्या परिचयाचे आहेत. परंतु एखाद्या मुलीने 'पदवीला शैक्षणिक धोरणाचा अभ्यास करावयाचा आहे' असे म्हटले, की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे पुढे बी.एड. ना?" तिने 'नाही' म्हटले, तर तो अर्ज बाजूला पडण्याचा संभव असतो. त्या 'नाही'च्या बाजूने चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

वर्गात कसे शिकवावे, हे बी.एड. शिकविते. शाळा कोठे असावी, तिला पैसा किती व कोणी द्यावा, मूल शाळेतून का गळते, हे प्रश्न धोरणाचे आहेत. विणणारा, शिवणारा आणि ताग्याचा हिशेब राखणारा हे तिघेही कापडाचेच काम करतात. परंतु एकाचे कसब दुसऱ्याकडे असतेच असे नाही.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहा. महाड तालुक्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामणराव देशमुख सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यानंतर १९५६ ते १९६१ या काळात त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद भूषविले. जैन कुळात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील तर मॅट्रिकही नव्हते. कारखान्यांच्या मालाच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले, आणि १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गरीब मुलाला शाळेइतकीच वसतिगृहाची गरज आहे, हे त्यांनी ओळखले. धोरण म्हणतात ते याहून वेगळे काय?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. पण राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा आणि दिघी समोरासमोर दिसतात. मध्ये पाणी आहे. नकाशावरचे अंतर आणि पावसाळ्यात दप्तर घेऊन निघालेल्या लेकराचे अंतर एक नव्हे. राज्यात २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पट असलेल्या शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा मोठा वाद झाला. अशा वेळी पट, खर्च, वाट आणि वाहतूक यांचा ताळा मांडून गावाची बाजू शासनापुढे ठेवणारा माणूस हवा असतो. तो आपल्यातून का निघू नये?

त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरविले. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. आराखडा वाचता न येणारी समिती केवळ सहीची धनी ठरते.

विद्यार्थ्यांना एक व्यवहाराची गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पदवी शिक्षकाचा परवाना नव्हे. शाळेत शिक्षक व्हायचे असेल, तर डी.एल.एड. वा बी.एड. आणि पहिली ते आठवीसाठी पात्रता परीक्षा, हा मार्ग वेगळा आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आहे, हेही हिशेबात धरावे. धोरणाच्या पदवीसोबत संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि स्वच्छ मराठी लेखन यांची जोड हवी. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' पाहणीद्वारे पाचवीच्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचता येतो का, हे गावोगाव तपासले. अशा संस्था, संशोधन आणि प्रशासन ही या विद्यार्थ्यांची कार्यक्षेत्रे होत. मिळकत आरंभी बेताची असेल, हे आईवडिलांनी जाणून घ्यावे.

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. पन्नास वर्षे या ट्रस्टने वह्या, पुस्तके आणि शुल्क देऊन ज्ञानदान केले. एकावन्नाव्या वर्षी निदान एक शिष्यवृत्ती शिक्षणाचाच अभ्यास करणाऱ्यासाठी राखावी आणि अर्जावर 'बी.एड. करणार का?' हा प्रश्न नसावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!